नववीतल्या मुलीला इंग्रजीसाठी इंग्लंडमध्ये होस्ट फॅमिलीकडे पाठवायचं आहे – बडोद्याहून तयारी कशी करावी?

मांजलपूरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, सीबीएसई. फेब्रुवारीत १५ पूर्ण होतील. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. वाचन-लेखन चांगलं आहे, पण समोर माणूस आला की तिची गाडी "येस" आणि "नो"वर अडते. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत तिला चार आठवडे इंग्लंडला पाठवावं असं मनात आहे.

अलकापुरीतल्या एका एजंटने कोटेशन दिलंय: चार आठवडे, आठवड्याला २० लेसन, होस्ट फॅमिली, जेवण, सगळं धरून एकच आकडा. फोड मागितली तर "बेन, बधुं आवी गयुं" एवढंच उत्तर मिळालं. मिस्टरांचे चुलत भाऊ लेस्टरला असतात, ते म्हणतात की परक्यांकडे कशाला, आमच्याकडेच ठेवा. मैत्रीण म्हणते माल्टा स्वस्त पडतं. आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. कुठून सुरुवात करू? आणि चार आठवड्यांत खरंच काही फरक पडतो का?

सयाजीगंज_इंग्लिश

ताई, आधी तारखांचं बोलू, कारण बहुतेकांचा बेत तिथेच फसतो. आपल्याकडची सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. इंग्लंडमधले ज्युनिअर समर कोर्स सुरू होतात साधारण जूनच्या मध्यानंतर आणि ऑगस्टमध्ये संपतात, म्हणजे नेमक्या आपल्या शाळा चालू असताना. मेमध्ये तिथल्या ज्या भाषाशाळा उघड्या असतात त्या बारमाही, मोठ्यांच्या, आणि त्यांतल्या बऱ्याच १६ वर्षांखालच्यांना घेतच नाहीत. तुमची मुलगी तेव्हा १५ची असेल. मग एजंट मेमध्ये नेमकं काय देतोय? बहुधा "क्लोज्ड ग्रुप". म्हणजे गुजरातमधूनच गोळा केलेली पंधरा-वीस मुलं, त्यांच्यासाठीच वेगळा वर्ग, आणि मधल्या सुट्टीत सगळी गुजरातीत. एवढे पैसे मोजून तोच वर्ग बडोद्यात भरवता येईल. एजंटला दोन गोष्टी लेखी विचारा: शाळेचं नाव, आणि त्या वर्गात इतर देशांची मुलं असणार का.

आता "२० लेसन". लेसन म्हणजे तास नव्हे. बऱ्याच शाळांत लेसन ४५ मिनिटांचा असतो, तेव्हा २० लेसन म्हणजे आठवड्याला १५ तास आणि चार आठवड्यांचे ६० तास. केंब्रिजचा ढोबळ हिशेब असा की युरोपियन मोजपट्टीवर एक पायरी चढायला, समजा बी-१वरून बी-२ला, सुमारे २०० शिकवणीचे तास लागतात. त्यामुळे चार आठवड्यांत "लेव्हल वाढवून देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फरक पडतो तो दुसरीकडे. कान तयार होतो, उत्तर देण्याआधीची ती लांबलचक शांतता कमी होते, चुकलं तरी वाक्य पुरं करायची सवय लागते. तुमच्या मुलीला हवं आहे ते हेच, आणि ते वर्गापेक्षा जेवणाच्या टेबलावर जास्त मिळतं. म्हणून शाळेइतकंच घर बघायचं.

लेस्टरबद्दल स्पष्टच सांगतो. तिथे गुजराती वस्ती एवढी मोठी आहे की दुकानात, बसमध्ये, शेजारी, सगळीकडे मांजलपूरचंच वातावरण मिळेल. काकांकडे शनिवार-रविवार जाऊ द्या. राहायला नको.

माझ्या मते हा बेत एक वर्ष पुढे ढकला. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपेल, तेव्हा तिला १६ पूर्ण झालेले असतील आणि अकरावीच्या आधी हाताशी मोकळे आठवडे असतील. १६ झाले की बारमाही शाळांची दारं उघडतात आणि वर्गात तुर्की, जपानी, ब्राझिलियन, स्पॅनिश, सगळ्या भाषांची माणसं भेटतात. तिथे इंग्रजी बोलल्याशिवाय पाणीसुद्धा मागता येत नाही. शिवाय एप्रिल-मे हा त्यांचा गर्दीचा हंगाम नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टचा "समर सप्लिमेंट" नावाचा जादा आकारही बहुधा लागत नाही. एक लक्षात ठेवा: २०२६पासून सीबीएसई दहावीची दुसरी परीक्षा मेमध्ये घेते. गुण सुधारायला ती द्यायचा विचार असेल तर तिकीट त्या हिशेबाने काढा.

फाइल_घेऊन_उभा

वरचं बरोबर आहे. व्हिसाच्या बाजूनेही १५ आणि १६ यांत मोठा फरक आहे.

इंग्लंडमध्ये १६ वर्षांखालचं मूल जवळच्या नातेवाइकाशिवाय दुसऱ्या कुणाच्या घरी २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल, तर कायद्याच्या भाषेत ते "प्रायव्हेट फॉस्टरिंग" होतं. तिथल्या स्थानिक काउन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं, काउन्सिलचा माणूस घर बघून जातो. आता मोजा: शनिवार ते शनिवार चार आठवडे म्हणजे बरोबर २८ रात्री. चार आठवड्यांचं पॅकेज त्या रेषेवरच येऊन थांबतं. १५व्या वर्षीच पाठवायचं तर तीन आठवडे करा, विषय संपला.

आणि चुलत काका यात "जवळचे नातेवाईक" धरले जात नाहीत. आजी-आजोबा, भाऊ-बहीण आणि आईवडिलांचे भाऊ-बहीण (सख्खे, सावत्र किंवा लग्नाने जोडलेले), सावत्र पालक, एवढेच. मिस्टरांचा चुलत भाऊ आपल्या लेखी काका असेल, त्यांच्या लेखी तो होस्टच. त्यांच्याकडे महिनाभर ठेवायचं म्हटलं तरी हाच नियम लागू.

व्हिसा कोणता? सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो, मात्र शाळा मान्यताप्राप्त हवी. ब्रिटिश कौन्सिलच्या साइटवर त्यांनी मान्यता दिलेल्या भाषाशाळांची यादी आहे, त्यात नाव स्वतः शोधा. "शॉर्ट टर्म स्टडी" नावाचा व्हिसा सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजी कोर्ससाठी आहे, तुमच्या कामाचा नाही. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे धरतात. बोटांचे ठसे द्यायला अहमदाबादला जावं लागेल, सोबत मोठं माणूस हवं.

अर्जात मूल एकटं प्रवास करणार की कुणासोबत, हे विचारतात. इथे घाईत टिक करू नका. "सोबत" म्हटलं तर त्या माणसाची पासपोर्टसह नोंद व्हिसावर येते आणि मुलीने त्याच माणसासोबत जायचं असतं. ऐन वेळी बाबांऐवजी मामा गेला तर विमानतळावर अडचण. कोण जाणार ते पक्कं नसेल तर "एकटी" म्हणून अर्ज करा.

कागदांत सर्वांत जास्त चुका संमतीपत्रात होतात. "आमची हरकत नाही" या एका ओळीने भागत नाही. दोघा पालकांची सही, प्रवासाच्या तारखा, विमानतळावर कोण घ्यायला येणार, होस्टचं नाव-पत्ता-फोन, तिथे काळजी कोण घेणार, हे सगळं त्यात हवं. त्याला होस्टचं किंवा शाळेचं उलटपत्र जोडायचं की हो, आम्ही ठेवून घेत आहोत. होस्टचा पत्ता शेवटच्या आठवड्यात कळवणाऱ्या शाळा असतात. त्यांना व्हिसाचं कारण सांगून आधी मागून घ्या.

जन्मदाखला महानगरपालिकेचा आणि फक्त गुजरातीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. नोटरीचा नुसता शिक्का पुरत नाही. बाकी नेहमीचं: पालकांचे सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, आयटीआर, शाळेचं पत्र, कोर्सची फी भरल्याची पावती. खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी एकदम मोठी रक्कम टाकू नका. टाकलीच तर ती कुठून आली याचा कागद जोडा.

अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो (१५ ते १८ वयात दहा वर्षांचा मागता येतो), म्हणून आजच कपाटातून काढून मुदत बघा.

रावपुरा_टॉवर

माल्टाबद्दल थोडक्यात. इंग्रजी तिथली राजभाषा आहे, शाळा चांगल्या आहेत, प्लगसुद्धा इंग्लंडसारखाच तीन चौकोनी पिनांचा. पण शेंगेन व्हिसा लागतो (फी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा), घरातली माणसं आपसात माल्टीज बोलतात, आणि उन्हाळ्यात इटालियन मुलांची एवढी गर्दी की इंग्रजीऐवजी इटालियन शिकून यायची. बऱ्याच शाळा सेंट ज्युलियन्स आणि स्लीमा भागात आहेत. सेंट ज्युलियन्समध्येच पेसव्हिल आहे, म्हणजे बार आणि डिस्कोंची वस्ती. १५-१६च्या मुलीसाठी रात्रीची वेळ किती वाजेपर्यंत आणि ती पाळली की नाही हे कोण बघतं, एवढं विचारल्याशिवाय पैसे भरू नका. एप्रिल-मेमध्ये मात्र माल्टा वाईट नाही.

मांजलपूरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. २८ दिवसांचं एजंटने अवाक्षर काढलं नव्हतं. एक वर्ष थांबायचं घरात जवळजवळ ठरलं. आता घराबद्दल सांगा ना कुणी. जेवणाचं काय, नियम काय असतात, आणि तिच्या मैत्रिणीला पण पाठवायचं म्हणतात, दोघींना एकाच घरात ठेवता येईल का?

सोबतीण_हॉव्ह

ताई, ठेवता येईल, पण ठेवू नका. ब्रिटिश कौन्सिलच्या मान्यतेच्या नियमांतच आहे की एका भाषेची दोन मुलं एका घरात ठेवायची नाहीत, पालकांनी मागितलं तरच ठेवायची. एका घरात एका वेळी चारपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, हाही नियम. मैत्रिणीला त्याच शाळेत, पण चार गल्ल्या पलीकडच्या घरात ठेवा. शाळेत जाताना सोबत होईल, जेवताना इंग्रजी होईल.

घराबद्दल शाळेला ईमेल करून उत्तर लेखी घ्या. घरात कोण कोण राहतं, वयं काय, इतर विद्यार्थी कुठल्या देशाचे, कुत्रा-मांजर आहे का, धूम्रपान होतं का, खोली एकटीची का, बाथरूम किती जणांत, शाळेपर्यंत चालत की बसने आणि किती मिनिटं, रात्री घरी यायची वेळ काय. १८ खालच्या मुलांना ठेवणाऱ्या घरांची डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते. ती घरातल्या कोणाकोणाची झाली हे विचारायला संकोच करू नका. चांगली शाळा या प्रश्नाने चिडत नाही, चिडली तर तीच खूण समजा.

जेवण: "हाफ बोर्ड" म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, दुपारचं आपलं आपण. "फुल बोर्ड"मध्ये दुपारचा डबा येतो, आणि डबा म्हणजे सँडविच, एक फळ, चिप्सचं पाकीट. रोज. १८ खालच्या मुलीसाठी फुल बोर्डच घ्या, नाहीतर पैसे वाचवायला ती बिस्किटांवर दिवस काढील. रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला. आपल्याकडे तेव्हा चहा उतू जात असतो, तेव्हा इथेच आठवडाभर आधी साडेसातला जेवायची सवय लावा.

फॉर्मवर नुसतं "व्हेजिटेरियन" लिहिलं तर ऑम्लेट येणार, त्यांच्या शब्दकोशात अंडं चालतं. "व्हेगन" लिहिलं तर दूध-दही-चीज सगळं बंद. म्हणून सरळ लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, जिलेटिन नाही; दूध, दही, लोणी, चीज चालतं. खाली ती खाते त्या पदार्थांची नावं द्या: पास्ता टोमॅटो सॉसमध्ये, जॅकेट पोटॅटो आणि बेक्ड बीन्स, भाजीचं सूप, चीज टोस्ट, भात आणि कुठलीही भाजी. होस्टला काय नको हे कळून उपयोग नसतो, काय करू ते कळायला हवं. केकमध्ये अंडं असतं हे मुलीला माहीत असू दे, आणि त्यावर घरात काय ठरलंय तेही आधीच बोलून ठेवा. गमी-बेअरसारख्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं, ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

बॅगेत पेढे, बर्फी, श्रीखंड वडी, साजूक तूप नको. दूध आणि दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात (माल्टालाही तेच). भाकरवडी, चिवडा, चकली, लीलो चेवडो चालतं. होस्टसाठी भेट न्यायची तर तिखट भाकरवडीपेक्षा पाटण पटोळ्याच्या नक्षीचा टेबल रनर बरा.

सर्वांत जास्त खटके बाथरूमवरून उडतात. जेवणावरून तेवढे नाही. तिथल्या बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला जाळी नसते, काही घरांत खाली चक्क गालिचा असतो. टबाबाहेर पाणी सांडलं की ते फळ्यांमधून खालच्या खोलीच्या छतावर उतरतं आणि डाग पडतो, मग होस्ट नुकसानीचं बिल देतो. शॉवरचा पडदा टबाच्या आतल्या बाजूला घ्यायचा, बाहेर नाही. अंघोळ दहा मिनिटांत, कारण बऱ्याच घरांत गरम पाण्याची टाकी मर्यादित असते आणि मागे आणखी तिघं उभी असतात. पाण्याचा मग्गा न्यायचा तर न्या, पण वापर टबात किंवा कमोडवर बसून, जमिनीवर पाणी नाही. सॅनिटरी पॅड फ्लश करायचे नाहीत, पिशवीत गुंडाळून कचऱ्यात. हे सगळं आईने आधी सांगायला हवं, तिथे गेल्यावर मुली विचारत नाहीत.

डोक्याला तेल लावून झोपायचं असेल तर उशीवर आपला जुना टॉवेल. कपडे आठवड्यातून एकदाच मशीनला, म्हणून आठ दिवसांचे जोड.

फोन: उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे. रात्री साडेनऊला फोन केलात तर तिथे पाच वाजलेले असतात, ती शाळेतून आलेली असते. हीच वेळ होस्टशी गप्पा मारायची, चहा करताना शेजारी उभं राहायची. तुमचा रोजचा तासभराचा व्हिडिओ कॉल तेवढा वेळ खाऊन टाकतो. रोज एक मेसेज, आणि आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं फोन. जेवून लगेच खोलीत जाऊन दार लावणारी मुलं महिन्याने जशीच्या तशी परत येतात.

कारेलीबाग_खर्चाचा_हिशेब

एजंटच्या आकड्याची फोड अशी मागा: ट्यूशन, नोंदणी फी, घर शोधून देण्याची फी, राहणं-जेवणं प्रति आठवडा, १८ खालच्यांसाठी जादा आकार, वेगळ्या आहाराचा जादा आकार, पुस्तकं, विमानतळावरून नेणं-आणणं (दोन्ही वेळचं वेगळं असतं), विमा, व्हिसा फी, तिकीट. यातलं नेणं-आणणं बघून घ्या. हीथ्रोपासून बोर्नमथ दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, टॅक्सी स्वस्त नाही. हेस्टिंग्ज, ईस्टबर्न, ब्राइटनला जायचं तर गॅटविक जवळ पडतं. तिकीट काढण्याआधी शाळा कुठल्या गावात ते बघा, उलटं नको.

विमान कंपन्यांची एकट्या मुलांना सांभाळून न्यायची सेवा बऱ्याचदा ११-१२व्या वर्षीच संपते, त्यापुढे कंपनीगणिक नियम वेगळा. शक्यतो मुंबईहून थेट विमान, मध्ये बदल नको. उतरायची वेळ तिथल्या दुपारची असेल तर उत्तम. मध्यरात्री उतरलेल्या मुलीला होस्ट जागत बसून घेतो खरा, पण ओळखीची सुरुवात चांगली होत नाही.

पैसे पाठवताना: शाळेला बँकेतून थेट, शिक्षणासाठी म्हणून पाठवलेत तर एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे देतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) लागत नाही. एजंटने तेच "फॉरेन टूर पॅकेज" म्हणून विकलं तर पहिल्या रुपयापासून टीसीएस. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. मुलीच्या नावाने पाठवायचे असतील तर बँकेच्या ए-२ फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) पालकाची सही. शाळेच्या खात्यात थेट भरण्याचा आणखी एक फायदा म्हणजे व्हिसा नाकारला गेला तर परतावा शाळेच्या लेखी नियमाप्रमाणे मिळतो. तो नियम आधी वाचा. बहुतेक ठिकाणी नकाराचं पत्र दाखवावं लागतं आणि नोंदणी फी परत येत नाही.

मांजलपूरची_आई

घर आवडलं नाही तर? होस्टला तोंडावर कसं सांगायचं?

सोबतीण_हॉव्ह

होस्टला नाही, शाळेला सांगायचं. शाळेत राहण्याची व्यवस्था बघणारी व्यक्ती असते, तिचं नाव आणि शाळेचा २४ तासांचा नंबर मुलीच्या फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे असू दे. तक्रार नेमकी हवी. "आवडत नाही" यावर कुणी काही करू शकत नाही. "तीन रात्री जेवणात फक्त चिप्स होते" किंवा "खोलीच्या दाराला कडी नाही" यावर त्याच दिवशी हालचाल होते. पहिले तीन दिवस घराची आठवण येणारच, ते वेगळं. पण असुरक्षित वाटण्यासारखं काही असेल तर एक तासही थांबू नका. शाळेचा रात्रीचा नंबर, तो लागला नाही तर ९९९, तिथला आणीबाणीचा नंबर. घर बदलायला सहसा किती दिवस लागतात आणि त्याचे जादा पैसे पडतात का, हे फी भरायच्या आधीच्या ईमेलमध्ये विचारून ठेवा.